सेम टू सेम... तरी पहिला कोण?

समजा, ऑफिसात सगळ्यांना एकच लॅपटॉप, एकच खुर्ची आणि एकाच स्पीडचं इंटरनेट दिलं. मग 'सर, मशीन हँग झालं होतं' हा बहाणा कुणीच देऊ शकणार नाही. कल्पनेनेच पोटात गोळा आला ना? पोर्शे सुपरकपचा फंडा साधारण असाच आहे. 1993 पासून फॉर्म्युला वनच्या वीकेंडला, मुख्य शर्यतीच्या आधी ही जेमतेम अर्ध्या तासाची शर्यत होते. सगळ्यांना गाडी एकच; 2024 मध्ये ती होती 911 जीटी3 कप. माझ्या मामेभावाला या शर्यतीचं भयंकर वेड. तो मिलानला नोकरीला आहे. 'ताई, एफ-वन टीव्हीवर पण दिसतं गं, हे बघायला ये,' असं तो दोन वर्षं म्हणत होता. शेवटी गेले.

तारीख 1 सप्टेंबर 2024, सीझनची शेवटची शर्यत, मोन्झा. मिलानहून ट्रेन पकडली की पाऊण तासाच्या आत मोन्झाच्या पार्काजवळ. डब्यात सगळे फेरारीच्या लाल टी-शर्टमध्ये. गर्दी अगदी आपल्या विरार लोकलसारखी, फक्त चौथ्या सीटसाठी भांडण नाही! पुढे चालत जायचं. शर्यतीचा ट्रॅक चक्क एका जुन्या राजेशाही बागेत आहे, ओक आणि चेस्टनटच्या झाडांमधून. 1922 साली बांधलेला. झाडीतून चालताना एकदम समोर काँक्रीटची भिंत तिरकी उभी राहते. हा 1950 च्या दशकातला जुना उतरता ट्रॅक. एफ-वनने तो 1961 नंतर सोडला. वर चढायला गेले तर अर्ध्यातच हात टेकावे लागले. यावरून माणसं गाड्या पळवत होती?

स्टँडवर बसल्यावर भावाने सीझनची गोष्ट सांगितली. आठ शर्यती. इमोलाला सुरुवात, मग मोनॅको, स्पीलबर्ग, सिल्व्हरस्टोन, हंगेरोरिंग, स्पा, झांडवोर्ट आणि मग हे मोन्झा. मोनॅकोत रस्ता इतका अरुंद, की शनिवारी क्वालिफाइंगला पुढे राहिलात तर रविवारी मागचा फक्त तुमचा बंपर बघत बसतो. मोन्झात बरोब्बर उलटं! इथला मुख्य सरळ पट्टा किलोमीटरहून लांब. पुढची गाडी हवा फाडत जाते आणि मागची तिच्या आडोशाने फुकटात वेग मिळवते. यालाच स्लिपस्ट्रीम म्हणतात. वेगवेगळ्या गाड्या असतील तर पॉवरफुल गाडी निसटून जाते. इथे निसटणार कशी? पॉवर तर सगळ्यांचीच सेम. 2021 साली आलेलं हे मॉडेल चार लिटरचं, 510 हॉर्सपॉवरचं, आणि इंजिन सीलबंद. टायरसुद्धा सगळ्यांना एकाच कंपनीचे. म्हणजे मोन्झात पहिला असणं ही सगळ्यात टेन्शनची जागा.

दिवे विझले आणि पोरं सुटली. पट्ट्याच्या शेवटी उजवी-डावी अशी दोन झटपट वळणं आहेत. तिथे ताशी अडीचशेच्या वरून थेट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर यायचं. तेव्हाच्या गाडीला एबीएस नव्हतं. ब्रेक जरा जास्त दाबला की चाक जाम, निळा धूर, आणि टायर एका बाजूने घासून चपटा. मग उरलेली शर्यत ती गाडी थरथरतच चालते. पहिल्या लॅपला सगळा घोळका एकदम त्या वळणात शिरला तेव्हा मी डोळेच मिटले. भाऊ मात्र उभा राहून ओरडत होता. आजूबाजूचे इटालियन सँडविच खात होते. त्यांची शर्यत दुपारची.

पण मला खटकलं ते वेगळंच. गाडी सेम, पण ती मिळवायला लागणारा पैसा? टीमला पैसे मोजल्याशिवाय सीट नाही. प्रो-अॅम नावाचा एक वर्गच आहे, हौशी ड्रायव्हर्ससाठी. त्यातल्या एकाकडे बोट दाखवून भाऊ म्हणाला, 'हा माझ्यासारखाच. फक्त पैसेवाला.' आणि हसला. तो पुण्यात कार्टिंग करायचा. एकोणिसाव्या वर्षी मामा म्हणाले, आता बास, आणि त्याचं हेल्मेट माळ्यावर गेलं. ते अजून तिथेच आहे. ही गोष्ट घरात कुणी काढत नाही.

मी विषय बदलला. मग तोच म्हणाला, 'अर्ल बॅम्बर माहितीये?' न्यूझीलंडचा. पैशाअभावी सिंगल-सीटरमधलं करिअर अडलं. मग तो एशियातल्या कॅरेरा कपमध्ये एकाच मॉडेलच्या या गाड्यांत आला, जिंकला, तिथून पोर्शेची स्कॉलरशिप मिळवून सुपरकपमध्ये आला आणि 2014 चा चॅम्पियन झाला. पुढच्याच वर्षी ल मानची 24 तासांची शर्यत पोर्शेकडून जिंकली! सगळ्यांच्या गाड्या सारख्या असल्या की निवडणाऱ्याला माणूस दिसतो, एवढं मात्र खरं. अर्थात तो दिसायला आधी ग्रिडवर तर यायला हवा.

शर्यत संपली तेव्हा 2024 चा चॅम्पियन होता नेदरलँड्सचा लॅरी टेन वोर्ड. 2020 आणि 2021 नंतर तिसऱ्यांदा. स्टँडवर टाळ्या वाजल्या, पण बेताच्याच. दुपारी लेक्लेर्कने फेरारीतून जिंकल्यावर जे झालं ते वेगळं. लोक रडत होते, कुंपणं ओलांडून ट्रॅकवर धावत होते. मीही धावले, उगाच कशाला खोटं बोला!

परतीच्या ट्रेनमध्ये भाऊ गप्प होता. वाटलं, दमला असेल. डोकावून पाहिलं तर मोबाइलवर आकडेमोड चालू. सकाळी त्याने स्टँडवरून स्वतःच स्टॉपवॉच लावलं होतं. पहिल्या गाडीवर नाही, सगळ्यात शेवटच्या गाडीवर. ती पहिल्यापेक्षा दर लॅपला किती मागे पडतेय, ते तो बघत होता.

'किती?' मी विचारलं.

'फार नाही गं,' तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.