मामाची कुपी

मुलांनो, तुम्ही कधी मार्कंड्याला गेला आहात का? गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी हे गाव आहे. दक्षिणेकडे निघालेली नदी इथं वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. काठावर जुनी दगडी देवळं आहेत आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. मार्कंडेयाची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकलीच असेल. सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला मुलगा पिंडीला मिठी मारतो आणि यमाला रिकाम्या हातानं परत जावं लागतं.

त्या जत्रेला मी माझ्या ताईबरोबर आणि भाच्याबरोबर गेलो होतो. भाचा चौदा वर्षांचा. बुद्धीनं तल्लख, पण चालताना तोल जातो. वाळूतून तो माझा खांदा धरूनच चालतो. शाळेत काही मुलं त्याच्या चालीची नक्कल करतात. त्याच्या आजाराचं नाव आहे फ्रीड्रिखचा अटॅक्सिया. जर्मनीतल्या निकोलाउस फ्रीड्रिख या डॉक्टरांनी 1863 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

मी पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करतो. भाच्याला बाटल्या-डब्या जमवायचा नाद, म्हणून वापरून झालेली, धुतलेली एक चिमुकली कुपी त्याच्यासाठी नेली होती. तिच्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'मानवी फ्रॅटॅक्सिन. फक्त संशोधनासाठी.'

ताईनं ती हातात घेतली नि एकदम म्हणाली, "हे तेच ना, जे आपल्या पोराच्या अंगात कमी आहे? मग हे त्याले का नाही देत गा?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तिथंच काठावर बसून मी त्या दोघांना जे सांगितलं, तेच आता तुम्हाला सांगतो.

आपल्या पेशींमध्ये तंतुकणिका असतात. खाल्लेल्या अन्नातून शक्ती काढून देणाऱ्या त्या भट्ट्याच म्हणा ना! तिथं शेकडो प्रथिनं राबत असतात. फ्रॅटॅक्सिन त्यातलंच एक. लोह आणि गंधक यांचे बारीक पुंजके घडवायला ते मदत करतं. ते कमी पडलं की शक्ती कमी पडते. नसा आणि हृदय यांना ते आधी जाणवतं. त्याचं जनुक 1996 मध्ये सापडलं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं, तरच हा आजार होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. "म्हणजे माझं काही चुकलं नाही?" ताईनं हळूच विचारलं. "नाही ताई, कुणाचंच नाही," मी म्हणालो.

मग कुपीतलं फ्रॅटॅक्सिन आलं कुठून? माणसाच्या काळजाचा तुकडा थोडाच कापून आणायचा! त्या जनुकाची नक्कल ई. कोलाय नावाच्या जिवाणूंमध्ये घालतात. जिवाणू भराभर वाढतात आणि आपल्या कामाबरोबर आपलं प्रथिनही बनवून देतात. त्याला सहा हिस्टिडीनची एक शेपटी जोडलेली असते. ती निकेलला चिकटते. त्यामुळे हजारो प्रथिनांच्या गर्दीतून नेमकं तेच वेगळं काढता येतं.

मग ते टोचत का नाहीत? फ्रॅटॅक्सिन बनतं तेव्हा 210 मण्यांची माळ असते. पहिले 80 मणी म्हणजे तंतुकणिकेत शिरायचं तिकीट. आत गेल्यावर ते कापलं जातं. आमच्या कुपीतल्या प्रथिनाला ते तिकीटच नाही. रक्तात सोडलं तरी ते पेशीच्या दारातच अडेल. शिवाय ते माणसाला देण्याइतकं निर्धोक आहे का, किती द्यायचं, हे कुणी तपासलेलं नाही.

"मग उपयोग काय त्याचा?" भाच्यानं विचारलं.

मी जत्रेतल्या चिवड्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं. दुकानदाराच्या तराजूत एका पारड्यात वजन होतं. वजन आपण खात नाही, पण त्याच्याशिवाय चिवडा मोजताही येत नाही. कुपीतलं फ्रॅटॅक्सिन म्हणजे ते वजन. रुग्णाच्या रक्तात फ्रॅटॅक्सिन किती, औषधानं वाढलं की नाही, हे त्याच्याशी ताडून ठरवतात.

असं सगळं जुळवायला वेळ लागतो. जिवाणूंकडून माणसाचं इन्सुलिन 1978 मध्ये करून घेतलं गेलं. अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळाली 1982 मध्ये. आपल्या महाराष्ट्रातल्या वोखार्ट कंपनीनं असं इन्सुलिन 2003 मध्ये बाजारात आणलं. भाच्याच्या आजारावरचं पहिलं औषध अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालं. ते आजार बरा करत नाही, त्याची चाल मंदावतं. आणि मंजुरी कोणासाठी, ठाऊक आहे? सोळा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी! वेगळं तिकीट जोडून खुद्द फ्रॅटॅक्सिन माणसांना देण्याचे प्रयोगही सुरू झाले आहेत.

ताई गप्प होती. तिला औषध हवं होतं आणि मी वजन दाखवत होतो. खोटी आशा दाखवणं सोपं होतं, पण मला ते जमलं नाही.

भाच्यानं कुपी खिशात ठेवली. माझा खांदा धरून उठत म्हणाला, "मामा, मोजताना चुकू नका हं."

आणि मुलांनो, तुमच्या वर्गात असा कुणी असेल, तर त्याच्या चालीला हसू नका. खांदा पुढे करा.