दोन्ही बाजूंनी उघडणारे दार

थोरल्या भावाचा मुलगा दहावीला गणितात नापास झाला, तेव्हा त्याला सर्वांत जास्त बोललो ते आम्हीच. आम्ही बी. कॉम., नोकरी कारकुनाची, आणि सुट्टीच्या दिवशी वाडी-वाडीत शिक्षणाचे महत्त्व सांगत फिरणार. घरचाच मुलगा नापास म्हटल्यावर आमचा तोल गेला. त्या दिवसापासून त्याने तुडीलच्या घरातली मागची खोली आतून लावून घेतली. आई जेवणाचे ताट दाराशी ठेवी.

एका रविवारी आम्ही महाडहून एस.टी.ने गावी गेलो. दार नुसते लोटलेले होते. आत जुन्या कॉम्प्युटरवर खेळ दिसला आणि पुन्हा तेच शब्द ओठांवर आले. तोच तो म्हणाला, "काका, खेळत नाय मी. दार बनवतोय. आत जाता येतं, पण बाहेर येता येत नाय."

आम्ही शेजारी बसलो. खेळाचे नाव 'डूम'. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर कंपनीने तो डिसेंबर 1993 मध्ये काढला. लोक नुसते खेळून थांबले नाहीत. 1994 मध्येच त्याचे नकाशे स्वतः रचण्याची साधने हौशी मंडळींनी तयार केली. 1997 मध्ये कंपनीने खेळाचा मूळ प्रोग्रामही खुला केला. म्हणून आजही मुले त्यात आपापल्या इमारती बांधतात.

गंमत अशी, की या खेळातले दार हे दार नसतेच. दोन खोल्यांच्या मध्ये एक अरुंद चौकोन आखायचा आणि त्याचे छत खाली आणून जमिनीला टेकवायचे. झाले बंद दार! मग चौकोनाच्या रेषेला दाराचा क्रमांक द्यायचा. माणूस समोर येऊन बटण दाबतो, छत वर सरकते, सुमारे चार सेकंद थांबते आणि खाली येते. खाली कोणी उभा असेल तर त्याला न चिरडता पुन्हा वर जाते.

"मग अडलं कुठं?" आम्ही विचारले. त्याने दाखवले, की प्रत्येक रेषेला दोन अंगे असतात, आणि पुढचे अंग कोणते ते एक बारीक रेघ दाखवते. आमचे आयुष्य जमा-नावे लिहिण्यात गेलेले. दोन बाजू म्हटल्या की आम्ही जुळवून बघणारच. बाहेरच्या रेषेची रेघ खोलीकडे होती. आतल्या रेषेची मात्र दाराकडेच वळलेली. "अरे, हिचं तोंड उलटं आहे!"

त्याने रेषा उलटवली. बटण दाबले. छत वर गेले. किती दिवसांनी पोरगा हसला!

परतताना एस.टी.त आमच्याच मनात खटकत राहिले. आम्हीही त्याच्यासाठी तसलेच दार बांधले होते. आम्ही हवे तेव्हा आत शिरून मार्क विचारायचे. त्याला आपली अडचण घेऊन बाहेर यायला वाट नव्हती. पुढच्या रविवारी आम्ही त्याची माफी मागितली. काकाने पुतण्याची माफी मागावी हे आईला विचित्र वाटले. त्याने पुरवणी परीक्षेचा फॉर्म आमच्याकडूनच भरून घेतला. निकाल लागेल तेव्हा लागेल.

वाचकहो, आपल्या घरातली दारेही एकदा आतल्या बाजूने उघडून बघा.