मोर्णेकडून समुद्राकडे

१५ ऑगस्ट २०२५, अकोला

सकाळी झेंडावंदन झालं आणि संध्याकाळी बातमी आली, जिनिव्हातली प्लास्टिक कराराची बोलणी फिसकटली. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठराव झाला, २०२४ च्या अखेरीस बुसानला गाडी अडली आणि आता पुन्हा तेच. वाद जुनाच आहे. प्लास्टिक मुळात बनवायचं किती यावर मर्यादा घालायची, की नुसता कचरा आवरायचा? तेल विकणाऱ्या देशांना मर्यादा नको आहे.

शेजारचे काका म्हणाले, "समुद्राचं आपल्याले काय करा लागते बापा?"

करावं लागतं. अकोल्याची मोर्णा नदी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीत जाते, तापी सुरतेवरून खंभातच्या आखातात. मध्ये हतनूर आणि उकाई ही धरणं आहेत खरी, पण पुरात दरवाजे उघडले की तरंगणारं पुढे सरकतंच. अमरावती जिल्ह्याची तर आणखी गंमत. वरूड-मोर्शीकडचं पाणी वर्धा नदीतून प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला जातं. वऱ्हाडाला किनारा एकही नाही, कचरा मात्र दोन समुद्रांना पोचतो.

१६ ऑगस्ट

मोर्णेकाठी चक्कर मारली. पूर कुठवर चढला होता ते बाभळीच्या फांद्याच सांगतात, त्या उंचीपर्यंत पन्न्या लोंबतात. खाली चिखलात गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची चकाकती पाकिटं, शॅम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. पाण्याची बाटली शोधून सापडली नाही. पोतं घेऊन फिरणारा एकजण भेटला, त्यानं कारण सांगितलं: "बाटलीले भाव हाये. पाकिटाले कोन इचारते?" पाकिटात प्लास्टिकचे नि चंदेरी मुलाम्याचे थर एकमेकांना चिकटलेले. ते सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. उन्हानं ते तडकतं, चुरा होतो, आणि पाच मिलिमीटरहून बारीक झालं की कोणत्याही फावड्यात येत नाही.

२०२१ च्या एका अभ्यासाचं म्हणणं, नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा ८० टक्के वाटा हजाराहून अधिक नद्या मिळून उचलतात आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा हात मोठा. म्हणजे समुद्र साफ करायचा तर नाल्यापासून सुरुवात करावी लागणार. पण नाल्याच्या उद्घाटनाला कोण येणार!

अकोल्यानं हे एकदा करून दाखवलं होतं. १३ जानेवारी २०१८ ला जिल्हाधिकारी आस्तिककुमार पांडेय यांच्या हाकेवर सहा हजारांवर माणसं मोर्णेत उतरली. पहिल्याच टप्प्यात चार किलोमीटरचा पट्टा घेतला, मग दर शनिवारी सकाळी श्रमदान ठरलं. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये कौतुक केलं. त्याच वर्षी २३ मार्चला राज्यानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, पहिल्या गुन्ह्याला दंड पाच हजार. नदीतून काढलेली जलकुंभी पुढे परत आली, पन्न्याही आल्या. कापसाच्या मुलखात कापडी पिशवी मागितली की भाजीवाला अजून वर बघतो.

१८ ऑगस्ट

श्रावणातला शेवटचा सोमवार. रात्रभर रस्ते जागे होते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून कावडी अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिराकडे निघालेल्या, एकेका कावडीला भरण्यांच्या रांगा, खांदे सोलवटलेली पोरं आणि "हर्र बोला". वाटेत जागोजागी फराळ, चहा, पाणी. आणि पायाखाली एकदा वापरून टाकलेल्या पेल्यांचा खच.

माझ्या मनात भक्तीपेक्षा हिशेबच चालला होता. या पोरांना कुणी साहेबानं बोलावलेलं नाही. वर्गणी, सराव, पाळ्या, कोणाचा खांदा कुठे, सगळं मंडळच ठरवतं, आणि साहेब बदलला तरी कावड निघते. मोर्णेच्या शनिवारांना हेच नव्हतं. हाक वरून आली होती, ती थांबल्यावर खाली कोणाच्याच नावावर काम नव्हतं. पेल्यांबद्दल या मंडळांवर चिडून भागणार नाही. उलट नदीचा एकेक घाट यांच्याच गळ्यात घालायला हवा.

२० ऑगस्ट, अमरावती

मावशीकडे आलो होतो, तिथून वलगावला जाऊन आलो. इथेच, पेढी नदीजवळ, २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. जन्म याच जिल्ह्यातल्या शेणगावचा, १८७६ चा. दिवसा गावचे रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. झाडू आधी, बोलणं नंतर. आपल्याकडे त्यांच्या नावाचं अभियान आहे, चौकाचौकात पुतळे आहेत. हा क्रम तेवढा उलटा झालाय. पेढीही पूर्णेलाच मिळते.

मावशीकडे ओला-सुका वेगळा ठेवतात. घंटागाडीवाला दोन्ही एकाच खणात ओततो. "मंग मी कायले वेगळा करू?" तिचा प्रश्न. सुकळीच्या कचरा डेपोवर डोंगर का वाढतो, हे तिला समजावून सांगायची गरज नाही.

२२ ऑगस्ट, अकोला

पोळा. बैलांना बेगडाच्या झुली नि प्लास्टिकची फुलं होती, असो.

संध्याकाळी गल्लीतल्या गणेश मंडळाची बैठक. गणपती पाच दिवसांवर. मी दोन गोष्टी मांडल्या: महाप्रसादाला स्टीलची ताटं-पेले, आणि विसर्जनानंतरच्या रविवारी घाटाचा आपल्या वाट्याचा तुकडा, दरवर्षी, मंडळाच्या वहीत लिहून. घाटाचं लगेच मान्य झालं. फोटो चांगले येतात. ताटांवर मात्र तासभर घासाघीस. भाड्याचे पैसे निघतील, पण घासणार कोण? बाया म्हणाल्या, आम्ही नाही, आधीच सांगून ठेवतो. अध्यक्षानं पोरांकडे पाहिलं, पोरांनी मोबाइलकडे. शेवटी कावडीत पुढे असणारा एक म्हणाला, "पाळ्या लावा. पयली माही." वहीत त्याचं नाव लिहिलं, खाली माझं. बाकीच्या ओळींसाठी रविवारी पुन्हा बैठक आहे.