शेजारणीची भाकरी

पंडिता रमाबाईंच्या दुष्काळाच्या आठवणी वाचताना मी दर वेळी एका शेजारणीपाशी थांबते. दक्षिणेतला 1870 च्या दशकातला दुष्काळ. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत, आणि मिळेल त्यावर कुटुंबाची तीर्थयात्रा चाले. आयतं मागायचं नाही, ही त्या घरची रीत. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी मंडळी रानात शिरली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर. शास्त्रीबुवा गेले. मग आईनं अंथरूण धरलं. तापाच्या ग्लानीत ती खायला मागायची.

बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमा शेजारच्या ब्राह्मण बाईकडे गेली. हजारो संस्कृत श्लोक तोंडपाठ असलेल्या या मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतलं पाणी तिनं निकरानं थोपवलं, तर ते नाकावाटे वाहू लागलं. त्या बाईनं ओळखलं. तिनंच विचारलं, काही खायला हवंय का? भाकरी मिळाली. आईच्या अंगात मात्र ती खाण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय त्यांनी किती वेळा वाचला असेल! न्यायाच्या दिवशी राजा नीतिमान लोकांना सांगतो, की मी भुकेला होतो आणि तुम्ही मला जेवू घातलंत. ते चकित होतात. आम्ही तुला कधी पाहिलं? मला या अध्यायात सगळ्यात प्रिय आहे तो त्यांचा हा अचंबा. आपण देवाला वाढतो आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. समोर भूक दिसली, त्यांनी वाढलं. ती शेजारीण मला त्या नीतिमानांच्या गर्दीत दिसते. ती ख्रिस्ती नव्हती. मी ख्रिस्ती आहे, आणि हे मी मान वर करून लिहिते आहे.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, तिथं जवळजवळ दोन हजार माणसं होती. दोन हजार पानं, रोज! धान्य आणून भागत नाही. पाणी लागतं, सरपण लागतं, दळणारे हात लागतात. तिथं विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, मुली विणायला शिकल्या, पुढे छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. आपलं रोजचं अन्न त्या स्वतः कमवू लागल्या, म्हणजे पुन्हा कुणाच्या दारात जीभ अडखळायला नको.

अन्न देऊन धर्म दिला, हा रमाबाईंवरचा आरोप जुना आहे. मी तो झटकून टाकत नाही. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून देणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. भाकरीला अट जोडली की ती ख्रिस्ताची राहत नाही, असं माझं ठाम मत आहे. पाच हजारांना येशूनं गवतावर बसवलं तेव्हा कुणाची जात, गाव, श्रद्धा विचारल्याचं शुभवर्तमानात कुठे नाही. लोकांना गावांत पाठवा, आपापलं विकत घेऊ द्या, असं शिष्यच सुचवत होते. किती व्यवहारी सल्ला! आजही मंडळीच्या सभांमध्ये तो ऐकू येतो.

करिंथच्या मंडळीवर पौल संतापला तो याच ‘आपापलं’ वृत्तीमुळे. प्रभुभोजनाला एकत्र यायचं, आणि कुणी पोटभर खायचं, कुणी उपाशी राहायचं. असल्या जेवणाला तो प्रभुभोजन म्हणायलाच तयार नाही. हा उतारा आमच्याकडे अनेकदा वाचला जातो आणि वाचून झाला की दानाची पाकिटं फिरतात. मला वाटतं, नाताळच्या जेवणाची पहिली पंगत फाटकाबाहेरच्या माणसांची असावी. कुपन नको, फोटो नको, आडनाव विचारायला नको. वाढणाऱ्यांनी पानाकडे लक्ष ठेवावं, आणि भाकरी संपत आली की जेवणाऱ्यानं मागायच्या आत दुसरी वाढावी.