बाई, तुम्हीच ठरवा!

शाळा चांगली की वाईट, हे आपण बहुधा मुख्याध्यापकांवरून ठरवतो. ‘तिथले हेडमास्तर फार कडक आहेत हं!’, ‘नव्या बाई आल्या आणि शाळा सुधारली’ अशी वाक्यं प्रवेशाच्या दिवसांत घरोघरी ऐकू येतात. पण हेडमास्तरांची बदली झाली किंवा बाई निवृत्त झाल्या की काय होतं? पुन्हा ये रे माझ्या मागल्या! एकाच माणसाच्या खांद्यावर उभी असलेली शाळा त्या माणसाबरोबरच खाली बसते.

बेंगळुरूच्या हेब्बाळ भागातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. वर्गात कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी बोलणारी आणि दोन-चार मराठी घरांतली मुलं. आमच्या मुख्याध्यापिकांनी एक साधीच पद्धत सुरू केली होती. शनिवारी एक तास एका शिक्षिकेने दुसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं. शेरे लिहायचे नाहीत, वर तक्रार न्यायची नाही. मुलं कुठे अडखळतात तेवढं पाहायचं आणि मग दोघींनी बोलायचं.

चौथीच्या मुलांना ३०६ भागिले ३ असं गणित दिलं की निम्मी मुलं उत्तर १२ लिहायची. आम्ही सगळ्या लाल शाईने चूक दाखवून पुढे जायचो. नुकतीच लागलेली एक शिक्षिका मात्र खोट्या नोटा घेऊन वर्गात गेली. शंभराच्या तीन नोटा, रुपयाची सहा नाणी आणि वाटून घ्यायला तीन मुलं. प्रत्येकाला शंभराची एक नोट मिळाली, दोन नाणी मिळाली. ‘दहाची नोट किती जणांना मिळाली? मग तिथे काय लिहायचं?’ मागच्या रांगेतून एक मुलगा ओरडला, ‘सोन्ने!’ म्हणजे शून्य. १२ चे १०२ झाले.

ही मुलगी शिक्षकांच्या बैठकीत कधी तोंड उघडत नसे. मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या, ‘पुढच्या बैठकीत भागाकार तुम्ही घ्या. कसा घ्यायचा ते तुम्हीच ठरवा.’ आणि स्वतः आमच्यात येऊन बसल्या. पगार वाढला नाही की पद मिळालं नाही. पण त्या दिवसापासून गणित अडलं की वीस वर्षांच्या अनुभवी बायका तिच्याकडे जाऊ लागल्या.

कर्नाटकात याचा मोठा दाखला आहे. म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातले सरकारी शिक्षक १९९५ साली आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहून आले. परतल्यावर त्यांनी स्वतः बसून मुलांसाठी शिकण्याची कार्डं तयार केली. प्रत्येक मुलाने आपल्या गतीने पुढे जावं, अशी त्यांची रचना. ‘नली-कली’, म्हणजे आनंदाने शीक, या नावाने ती पद्धत पुढे राज्यभरातल्या सरकारी शाळांत गेली. पण ज्याने कार्ड स्वतः बनवलं आणि ज्याच्या हाती ते आयतं आलं, त्या दोघांच्या शिकवण्यात फरक पडणारच. पद्धत छापून पाठवता येते. ती शोधताना आलेला विश्वास पाठवता येत नाही.

तो विश्वास थोरांनी द्यावा लागतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबादला आदिवासी मुलांसाठी बालवाडी, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा उभ्या राहिल्या. ताराबाई १९७३ साली गेल्या. काम थांबलं नाही. अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, शेवटच्या श्वासापर्यंत चालवलं. आपल्यामागे काम चालवणारी व्यक्ती आपल्या डोळ्यांदेखत तयार करणं, हे ताराबाईंचं फार मोठं शिक्षणकार्य नव्हे का?

आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि ‘अभ्यासक्रम मागे पडतो’ म्हणून शनिवारचा तास बंद झाला. काही चांगल्या शिक्षिका कंटाळून सोडून गेल्या. राहिलेल्यांनी मात्र मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मुलांच्या वह्या उघडायची सवय सोडली नाही. तिथे कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या प्रशिक्षणासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. ते तास सभागृहात भाषणं ऐकण्यात जाणार की शेजारच्या वर्गात डोकावण्यात, हे शाळा ठरवतील. पण पालकांनाही काही करता येईल. पुढच्या पालकसभेला इमारत, बस आणि निकाल यांची चौकशी करून झाली की आणखी एक प्रश्न विचारा: ‘तुमच्या शाळेत शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहतात का? त्यांनी सुचवलेला एखादा बदल यंदा झाला का?’ उत्तर मुख्याध्यापकांऐवजी एखाद्या बाईंनी उठून दिलं, तर मुलाला तिथे निर्धास्तपणे घाला.