दळण

मनोरुग्णालयातून माणूस घरी येतो तेव्हा त्याच्यासोबत औषधांची पिशवी येते आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेला कागद येतो. माझा धाकटा काका असाच परत आला. निदान होते स्किझोफ्रेनियाचे. कानांत येणारे आवाज थांबले होते, तेव्हा 'बरा झाला' असे आम्ही सर्वांना सांगितले. या दोन शब्दांचा अर्थ मात्र कोणी स्वतःला विचारला नाही.

आम्ही त्याला वेळेवर गोळ्या दिल्या, जेवण दिले, स्वतंत्र खोली दिली. दिले नाहीत ते पैसे, किल्ली आणि काम. गोळ्यांमुळे त्याच्या हाताला कंप असे, हालचाली मंदावलेल्या असत. तोही आम्हांला आजारच वाटे. तो बोलला तर ते लक्षण, गप्प राहिला तरी लक्षणच.

वेडावर मी तोवर पुष्कळ वाचले होते. कथा-कादंबऱ्यांतला वेडा बहुधा एखाद्या सत्याचा वाहक असतो, नाहीतर समाजाचा बळी. त्याला दळण आणावे लागत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) मला वेगळा वाटला, तो आजारासोबत राहणाऱ्या बहिणीकडेही पाहतो म्हणून.

एके दिवशी आजी त्याला सहज म्हणाली, "दळण घेऊन ये रे." आम्ही चमकलो. तो निघाला, आणि मी लपतछपत त्याच्या मागे. गिरणीत तो रांगेत उभा राहिला, "बारीक दळा" म्हणाला, सुटे पैसे दोनदा मोजले. परतताना वळणावर त्याने मला पाहिले. "आलाच आहेस तर पिशवीचा एक बंद धर," एवढेच म्हणाला.

मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या (२०१७) कलम १९ ने रुग्णाला समाजात राहण्याचा, समाजाचा भाग असण्याचा हक्क दिला आहे. कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने त्याला रुग्णालयात ठेवता येत नाही. पण घरात घेतलेल्या माणसाला दळण सांगावे, असे कोणते कलम सांगणार?

आजी गेल्यावर ते काम माझ्याकडे आले. तसे कोणी ठरवले नव्हते. त्याने मागितले नाही, मी दिले नाही. 'बरा आहे' असे मात्र आम्ही अजूनही सांगतो.