विजेवरची गिटार

वाचकहो, पंचेचाळिशी गांठल्यावर आम्ही विजेवर वाजणारी गिटार विकत घेतली, हें ऐकून आपण हंसाल. घरांतही हंसलेच.

गेल्या शनिवारीं तुर्भ्याच्या आमच्या दोन खोल्यांत चार गिटारप्रेमी स्नेही जमले. वाद्य १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाचें, निळसर रंगाचें. तें पेटींतून काढतांना थोडा गर्व झाला, हें कबूल केलें पाहिजे. लखनौच्या व्हॅन शिप्ले यांनीं मुंबईस येऊन चित्रपटगीतें अशा गिटारीवर वाजविलीं व त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, हेंही आम्ही सविस्तर सांगितलें. (व्याख्यानाची खोड!) मग तार छेडली, तों सुरापेक्षां घरघरच मोठी! दुकानदारानें फसविलें, असें आम्ही जाहीर केलें.

कोपऱ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी बसला होता. आतां तो औद्योगिक वसाहतींत वीजतंत्री आहे. पदार्थविज्ञानांत आम्हीच त्यास एकदां नापास केलें होतें. तो हळूच म्हणाला, "सर, वाद्य चांगलें आहे. तारांखालीं लोहचुंबक असतो, त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें. पोलादी तार हालली कीं वेटोळ्यांत वीजप्रवाह उत्पन्न होतो. पण एकेरी वेटोळें घरांतल्या विजेची घरघरही टिपतें. म्हणून तर पुढें दोन वेटोळीं उलटसुलट जोडण्याची युक्ति निघाली."

त्यानें ट्यूबलाइट बंद केली व आम्हांस गिटारीसह जरा तिरकें वळविलें. घरघर बरीच ओसरली.

अंधारांत आम्ही एक चाल वाजविली, दोनदां चुकलों. मग गिटार त्याच्या मांडीवर ठेविली. ती परत मागण्याचें रात्रीं दहापर्यंत आम्हांस सुचलें नाहीं.